परबाण : गलबताच्या एका अवयवाची परीक्षा, बांधणी व कागदांतील पाठ

इ. स. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांव येथें नागपूरकर रघूजी भोसले व इंग्रज यांच्यामध्यें जो तह झाला, त्यानें दोन गोष्टी एकदम घडल्या. बालेश्वर बंदरासह कटक प्रांत इंग्रजांकडे गेला. आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाच्या पदरीं पडला. म्हणजे ज्या कागदानें आमची नदी सरहद्द झाली, त्याच कागदानें नागपूरच्या राज्याचा समुद्र तुटला. तत्पूर्वीं इ. स. १७५१ पासून अर्धें शतक या राज्यास पूर्वकिनारा होता, ही गोष्ट आम्हां वैदर्भीयांस आज स्वप्नवत् वाटते. वर्ध्यासारख्या चोहोंकडून भूमीनें वेढलेल्या जिल्ह्यांत बसून नौकेच्या अवयवांची चर्चा आरंभिली तर वाचक हसतील, हें आम्ही जाणून आहों. पण दप्तरें समुद्रकांठींच सांपडतात असा नियम नाहीं, आणि आरमारी कागद वाचणारा मोडीवाचक खलाशी असतो असाही नाहीं. किंबहुना तो खलाशी नसतो, यांतच या लेखाचें प्रयोजन आहे.

प्रस्तुत विषय परबाणाचा आहे. नौकेच्या मध्यावर उभी असते ती डोलकाठी, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शीड डोलकाठीला बांधलेलें नसतें. शिडाची वरची कड ज्या लांब, तिरप्या काठीला बांधतात, आणि जी काठी दोरानें डोलकाठीवर चढवितात, तीस कोंकणपट्टींत परबाण म्हणतात. परभाण, परवान असेही उच्चार आहेत. त्याचें एक टोंक खालीं नाळेकडे उतरलेलें आणि दुसरें टोंक वर आकाशांत गेलेलें असतें. आधुनिक शर्यतीच्या लहान होड्यांत शिडाच्या तळकडेला आडवी काठी असते, तीस बूम म्हणतात. आमच्या त्रिकोणी शिडाच्या गलबतांस अशी तळकाठी नसे, म्हणून ताणाचा सारा भार वरच्या परबाणावर येई. वारा शिडांत भरतो, शीड परबाणास ओढतें, परबाण डोलकाठीस ओढतें, आणि डोलकाठी नौकेस ओढते. या सांखळींतील अत्यंत नाजूक कडी परबाणाची आहे, कारण तें लांब आहे, सडपातळ आहे, आणि केवळ मध्यभागीं टांगलेलें आहे.

इतक्या महत्त्वाच्या अवयवास संस्कृतांत नांव काय, हा प्रश्न आमच्यासारख्या पंतोजीस प्रथम सुचावा हें साहजिक आहे. अमरकोशाचा वारिवर्ग उघडून पाहावा. तेथें नौकेचीं नांवें आहेत. कर्णधार व नियामक आहेत. वल्हें, सुकाणूं, पाणी उपसण्याचें पात्र आहे. डोलकाठीस कूपक व गुणवृक्षक असे दोन शब्द आहेत. गुणवृक्षक म्हणजे दोर बांधावयाचा वृक्ष, हा शब्द मोठा अन्वर्थक आहे. परंतु त्या वृक्षावर जें चढवावयाचें, त्या शिडाचा व परबाणाचा उल्लेख त्या वर्गांत नाहीं. शिडाचें नांव इतरत्र मिळतें. उद्द्योतनसूरीच्या कुवलयमालेंत (इ. स. ७७९) तारूं निघतांना श्वेतपट भरल्याचें वर्णन येतें. हाच तो ग्रंथ, ज्यांतील मरहट्टांच्या बोलीच्या दोन शब्दांमुळें मराठीच्या इतिहासकारांनीं त्यास डोक्यावर घेतलें आहे. शिवकालीन राजव्यवहारकोशाचे दहा वर्ग पाहिले तर त्यांत दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, लेखनवर्ग आहे; आरमारास मात्र स्वतंत्र वर्ग नाहीं. ज्या राज्यानें इ. स. १६७९ मध्यें खांदेरीवर इंग्रजांशीं झुंज घेतली, त्याच्या कोशकारास नौकेची परिभाषा शुद्ध करून घेण्याची निकड भासली नाहीं. आम्हांस याचें दुःख वाटत नाहीं. परबाणास एखादें अवजड संस्कृत नांव मिळालें असतें, तरी तें कोणा तांडेलानें उच्चारिलें नसतें.

आतां भोजाचा युक्तिकल्पतरु. राधाकुमुद मुखर्जी यांनीं इ. स. १९१२ मध्यें आपल्या हिंदी नौकानयनाच्या इतिहासांत या ग्रंथास पुढें आणिलें आणि इ. स. १९१७ मध्यें तो कलकत्त्यास छापून प्रसिद्ध झाला. धारेच्या भोजाच्या नांवावर असलेल्या या ग्रंथांत नौकांचे प्रकार, त्यांचीं मापें, रंग, मंदिरें इत्यादि सर्व आहे. चार, तीन, दोन व एक शृंग असलेल्या नौकांस अनुक्रमें पांढरा, तांबडा, पिंवळा व निळा रंग द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. शृंग म्हणजे डोलकाठी असा अर्थ मुखर्जींनीं केला, व पुढील लेखकांनीं तोच गिरविला. आमच्या मतें हा अर्थ घाईचा आहे. शृंग म्हणजे शिंग वा शिखर. ग्रंथकार नौकेच्या अलंकारांविषयीं बोलत असतांना हा शब्द येतो, आणि डोलकाठीस कूपक हा रूढ शब्द असतांना तो येथें वापरलेला नाहीं. शोभेचीं शिखरें असा अर्थ घेतल्यास कांहींच बिघडत नाहीं. असो.

आम्हांस त्या ग्रंथांतील काष्ठविचार अधिक मोलाचा वाटतो. लांकडाच्या चार जाती तेथें सांगितल्या आहेत: लघु, कोमल व सुघट म्हणजे सहज सांधलें जाणारें तें ब्राह्मण, लघु, दृढ परंतु अघट म्हणजे न सांधणारें तें क्षत्रिय, कोमल व गुरु तें वैश्य, दृढ व गुरु तें शूद्र. वर्णांचीं नांवें बाजूस सारलीं तर खालीं उरतें तें सुताराचें शहाणपण आहे. परबाणास कोणतें लांकूड हवें? वजनदार चालणार नाहीं, कारण तें डोलकाठीच्या टोंकावर चढवावयाचें असतें आणि माथा जड झालेली नौका कलंडते. मऊ चालणार नाहीं, कारण तें वाकेल. म्हणजे लघु आणि दृढ, क्षत्रियच हवें. पण ग्रंथ सांगतो, तें अघट. त्यास सांधा मानवत नाहीं. आणि परबाण तर इतकें लांब, कीं एका झाडांतून सरळ निघणें कठीण. सांधल्यावांचून गत्यंतर नाहीं. ही कोंडी ग्रंथकाराच्या ध्यानांत आली नसावी. ती किनाऱ्यावरील सुतारानें दोरानें सोडविली. ती कशी, हें पुढें पाहूं.

परबाण एवढें लांब कधीं झालें, याचें उत्तर चित्रांत व शिल्पांत शोधावें लागतें. सातवाहनांच्या नौकांकित नाण्यांवर दोन डोलकाठ्या व त्यांचे दोर स्पष्ट आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील प्रसिद्ध जहाजास तीन डोलकाठ्या असून त्यांवर रुंदीपेक्षां उंचीनें अधिक अशीं चौकोनी शिडें आहेत. नाळेवर डोळा रंगविलेला आहे. अजिंठ्याचा हा बहराचा काळ वाकाटक हरिषेणाचा, आणि वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी प्रवरपूर म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील धाम नदीवरचें पवनार, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें होतें. अलीकडे मनसरच्या बाजूनेंही मत पडलें आहे; तो वाद येथें नको. मुद्दा इतकाच कीं, समुद्रापासून दूर राज्य करणाऱ्यांच्या चित्रकारांनीं डोलकाठ्या मोजून काढल्या. त्या चित्रांतील शीड अरुंद आहे, म्हणून त्यास वर लागणारी काठीही आंखूड. अशा काठीस ताण थोडा.

अठराव्या शतकांत पाहावें तों सर्व पालटलेलें. रॉबर्ट ऑर्म याच्या इतिहासांत (इ. स. १७६३) आंगऱ्यांच्या गुराबांचें व गलबतांचें वर्णन आहे, तें या विषयांत आधारभूत मानावें. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या वर नाहीं. गलबतास दोन डोलकाठ्या, पैकीं मागची हलकी. मुख्य डोलकाठीवर एकच त्रिकोणी शीड, पण तें फार मोठें, आणि उभारल्यावर त्याचें टोंक डोलकाठीच्याही पुष्कळ वर जाई. हें शेवटचें वाक्य वाचणाऱ्यांनीं थांबून पाहिलें पाहिजे. शिडाचें टोंक डोलकाठीच्या वर गेलें याचा अर्थ, त्यास धरणारी काठी डोलकाठीच्या तोडीची, बहुधा तिच्याहूनही लांब होती. डोलकाठी निदान तळाशीं रोवलेली असते व बाजूंनीं दोरांनीं ताणलेली असते. परबाणाची दोन्ही टोंकें अधांतरीं.

आतां यंत्रशास्त्राचा थोडा विचार. मध्यभागीं टांगलेल्या काठीवर दोन्ही बाजूंनीं सारखा ताण पडला, तर तिला वांकविणारें बळ मध्यावर सर्वांत अधिक व टोंकांशीं शून्य असतें. म्हणून काठी मध्यावर जाड व टोंकांकडे निमुळती हवी. गोल काठीचें बळ तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें; व्यास सव्वापट केला तर बळ जवळजवळ दुप्पट होतें, वजन मात्र दीडपटीहून किंचित अधिक. हा हिशेब कोंकणांतील सुतारानें मांडला नव्हता, पण त्याचें उत्तर त्याच्या हातांत होतें. दोन सोट घ्यावयाचे. त्यांचे बुंध्याकडचे जाड भाग मध्याशीं एकमेकांवर ठेवावयाचे, शेंडे बाहेरच्या बाजूस. आणि जेथें ते एकमेकांवर येतात त्या सर्व लांबीवर ठिकठिकाणीं काथ्याच्या दोराचे घट्ट वेढे द्यावयाचे. येणेंप्रमाणें लांबीही साधते व मध्यावर जाडीही आपोआप दुप्पट होते. मोठ्या परबाणास मध्यावर आणखी एक आधारकाठी पाठीशीं जखडीत. खिळा नाहीं, खांच नाहीं. क्षत्रिय काष्ठ अघट असेल, पण जखडण्यास त्याची हरकत नसते. खिळ्यासाठीं पाडलेलें भोंक लांकडाचे तंतू तोडतें आणि पुढें तेथूनच चीर निघते. दोर तंतूंस स्पर्शही न करतां त्यांस एकत्र आणतो.

यांत वेढ्यांच्या घट्टपणाचें महत्त्व किती, हें दोन फळ्यांच्या उदाहरणानें कळेल. दोन सारख्या फळ्या एकीवर एक नुसत्या ठेविल्या तर एकीच्या दुप्पट भार पेलतात. त्याच फळ्या एकमेकींवरून तसूभरही सरकणार नाहींत अशा जखडल्या, तर चौपट पेलतात. वेढा ढिला झाला कीं चौपटीचें दुपटीवर येतें. बाहेरून परबाण जसेंच्या तसें दिसतें, बळ मात्र निम्में झालेलें असतें. दोर ओला झाला कीं आंखडतो, वाळला कीं सैल पडतो. म्हणून वेढ्याखालीं लांकडी पाचरा ठोकून तो पुन्हा ताणावा लागतो. परबाणाची परीक्षा करणारा प्रथम वेढ्यावर हात ठेवतो, तो याच कारणानें.

परीक्षेचे बाकीचे प्रकारही साधे आहेत. परबाण जमिनीवर उतरवून एका टोंकाशीं डोळा लावून पाहावें, म्हणजे कायमचा पडलेला बांक दिसतो. लांकडी मोगरीनें ठोकीत जावें. निरोगी लांकूड खणखणीत बोलतें, आंतून कुजलेलें बद्द बोलतें. लांबीच्या दिशेची चीर उन्हानें पडते, ती सहसा घातक नसते. तंतूंस छेदून जाणारी आडवी बारीक रेघ मात्र दिसली, तर तें परबाण पुन्हा चढवूं नये. सर्वांत अधिक संशय वेढ्यांखालच्या भागाचा घ्यावा, कारण तेथें ओल अडकते व दृष्टीस पडत नाहीं. खाऱ्या पाण्यापेक्षां पावसाचें गोडें पाणी लांकडास अधिक कुजवितें. समुद्राच्या शिडकाव्यांत वर्षानुवर्षें टिकलेली काठी एका पावसाळ्यांत उघड्यावर राहिली तर निकामी होते. म्हणून हें सर्व पाहण्याची वेळ नारळी पौर्णिमेच्या आधींची. समुद्रावर गेल्यावर वेढे सोडून पाहतां येत नाहीं.

हीच विद्या आज धातूच्या काठीस लागू पडते, हें पाहून मौज वाटते. इ. स. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईस झाल्या आणि फायरबॉल जातीच्या होडींत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं सुवर्णपदक मिळविलें. ही होडी सुमारें सोळा फुटांची, दोन माणसांची. अशा होड्यांचें बूम ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीचें असतें. तें जेथें मोडतें तीं स्थानें ठरलेलीं: डोलकाठीशीं जोडलेला सांधा, बूम खालीं खेंचून धरणारा दोर जेथें बांधतात ती जागा, आणि शीड आवळण्याच्या दोराची कप्पी. तेथें रिव्हेटांचीं भोंकें असतात, भोंकांपासून बारीक चिरा निघतात; आणि पोलादाचा खिळा ॲल्युमिनियमास खाऱ्या पाण्यांत खातो, त्यानें पांढरी भुकटी जमते. मजबुतीसाठीं नळीच्या आंत दुसरी नळी सरकवितात, किंवा बाहेरून पट्टी बसवितात. म्हणजे पुन्हा तेंच: जेथें वांकविणारें बळ अधिक तेथें दुहेरी करणें, आणि भोंकें होतील तितकीं कमी पाडणें.

आतां मूळ कागदांकडे वळूं. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारास लागणाऱ्या थोर लांकडांचा जो विचार आहे, तो सर्वश्रुत आहे. तक्ते, सोट व डोलाच्या काठ्या यांची गरज तेथें सांगितली आहे. स्वराज्यांतील अरण्यांतून सागवानादि वृक्ष हुजूरच्या परवानगीनें तोडावे, अधिक लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें, आणि रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, असा त्याचा आशय. आंब्या-फणसांचा भाग शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळांनीं वाचलेला असतो. सोटांकडे कोणी पाहत नाहीं. वास्तविक तीन वस्तूंचीं तीं तीन नांवें नौकेच्या तीन अंगांशीं जुळतात. तक्ते अंगास, डोलाच्या काठ्या डोलास. मग सोट कशास? सोट म्हणजे लांब, सरळ, न चिरलेलें लांकूड. त्यांतील निदान कांहीं परबाणासाठीं होते असें आम्ही समजतों, कारण डोल वेगळा सांगितल्यावर तसल्या लांकडाची सर्वांत मोठी गरज तीच उरते. पावसाळ्यापूर्वींच आरमार किल्ल्याच्या आश्रयास आणून त्याची छावणी करावी, हाही दंडक त्याच आज्ञापत्रांत आहे, आणि परबाणांची उतरणी व तपासणी या छावणींतच शक्य होती. सागाखेरीज घाटांतील पुन्नागकुळांतील उंच झाडांचा डोलकाठ्यांस उपयोग होई. इंग्रज त्यांस 'पून' म्हणत व मुद्दाम मिळवीत. अमरानें पुन्नागाच्या पर्यायांत तुंग हा शब्द दिला आहे, तो त्या झाडाकडे पाहून पटतो.

परबाणावर राज्याचें काय अवलंबून होतें, हें इ. स. १७५५ च्या सुवर्णदुर्गाच्या प्रसंगीं दिसलें. कमोडोर जेम्सनें तुळाजी आंगऱ्याच्या आरमाराचा पाठलाग केला, तेव्हां वारा मंद होता. ऑर्म लिहितो कीं पळणाऱ्यांनीं ओझें समुद्रांत टाकलें, होतीं नव्हतीं तीं शिडें चढविलीं, आणि वाऱ्याची झुळूक धरण्यासाठीं अंगावरचीं वस्त्रें, गोधड्या, पागोटींसुद्धां टांगलीं. पागोटें टांगावयासही काठी लागते! त्या दिवशीं ज्याचें परबाण दुबळें त्याला शीड पुरतें ताणण्याचें भय, आणि ज्याला तें भय तो मागें राहणार. पुढें फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाखालीं हें आरमार जळालें. त्यांत पेशव्यांचा हात होता, ही लाजिरवाणी गोष्ट येथें उगाळीत नाहीं. पण त्याबरोबर उत्तम बांधलेलीं परबाणेंही जळालीं, आणि इ. स. १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळपानें रत्नागिरीच्या बाजूस 'रेंजर' जहाज धरलें तें पुन्हा नव्यानें उभारलेल्या आरमाराच्या जोरावर.

आतां ज्यासाठीं हा सर्व प्रपंच केला तो मुद्दा. डॉ. भा. कृ. आपटे यांनीं इ. स. १९७३ मध्यें मराठी आरमाराचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. त्यानंतरही आरमारी दप्तरांतील बारीक खर्चाच्या यादींकडे संग्राहकांचें लक्ष लढायांच्या पत्रांइतकें जात नाहीं. शिक्क्याचें पत्र जपतात, काथ्याच्या हिशेबाचा बंद रद्दींत जातो. त्यांतून जे बंद वांचतात त्यांत आणखी एक अपाय आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घ भेद नाहीं, आणि ओळीच्या कडेचा काना सहज लुप्त होतो वा नसतांना दिसतो. तेथें 'परवान' हा शब्द आला, तर देशावरचा वाचक तो 'परवाना' वाचील. त्याला तें वाचन शुद्धच वाटणार, कारण दप्तरांत परवाने पावलोपावलीं भेटतात. विशेष हें कीं खाडीकडील अरबी खलाशी या काठीस 'फरमन' म्हणत. आमचें परबाण त्याच शब्दाचें भावंड आहे असें आम्हांस वाटतें, जसें सुकाणूं हें अरबी सुक्कानाचें व नाखवा हें फारसी नाखुदाचें रूप आहे. म्हणजे शब्दाच्या दोन्ही रूपांजवळ एकेक राजपत्र दबा धरून बसलें आहे, इकडे परवाना, तिकडे फर्मान. पर अधिक बाण अशी संस्कृत व्युत्पत्ति लावणारे शास्त्रीही भेटतील. त्यांस आमचा नमस्कार.

असे फसवे शब्द आणखीही आहेत. बखरींतील जहाजांच्या नांवांत 'पगार' येतें, तें वेतन नव्हे. 'पाल' हें तंबूचें नांव तसेंच एका जातीच्या नौकेचें. 'डोल' व 'ढोल' यांत घाईच्या अक्षरांत अंतर राहत नाहीं. या सर्वांवर उपाय एकच, शेजारचे शब्द पाहणें. परवान्यास लांबी नसते. ज्या 'परवाना'पुढें हातांचें माप लिहिलें आहे, तो कागदाचा परवाना असूं शकत नाहीं. त्याच ओळींत किंवा लगतच्या ओळींत काथ्या, सुंभ, सोट, पाचरा, तेल, सुताराची मजुरी यांपैकीं कांहीं असलें, तर काना खोडून परबाण वाचावें. तारीख ज्येष्ठ-आषाढाची किंवा श्रावणाच्या आरंभीची असली, तर बहुधा तें छावणींतील दुरुस्तीचें टिपण होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मासेमारीच्या होड्यांस यंत्रें बसलीं आणि लांब परबाणें किनाऱ्यावरून हटलीं. वेढा कोणत्या बाजूनें सुरू करावयाचा, पाचर कोठें ठोकावयाची, हें हातांनीं जाणणारीं माणसें म्हातारीं झालीं आहेत. ज्या संग्राहकांस कोंकणांत जाण्याचें कारण पडतें, त्यांनीं कागदांबरोबर या माणसांकडून अवयवांचीं नांवें उतरून घ्यावींत. उच्चार जसा कानीं पडेल तसाच लिहावा, शुद्ध करूं नये. आणि ज्यांच्या संग्रहांत आरमारी खर्चाचे सुटे बंद आहेत, त्यांनीं यादींतील प्रत्येक 'परवाना' एकदां पुन्हा काढून पाहावा, व पुढें माप लिहिलें असल्यास त्या बंदाची नक्कल आकड्यांसह, मूळ ओळी न मोडतां, मंडळाकडे पाठवावी.